बेचाळीस सालची जागा

३ मे १९७९, गुरुवार

जागा निघाली एकदाची! आमचे सुपरिंटेंडेंट महिनाअखेर रिटायर होणार आणि त्यांच्या खुर्चीवर आमच्याच सेक्शनमधलं माणूस बसणार. म्हणजे एक तर मी, नाही तर चंद्रमौळी. तिसऱ्याचा प्रश्नच नाही. चंद्रमौळी माझ्या आधी नोकरीला लागलेले, यादीत माझ्या वर. पण खात्याची परीक्षा मी आधी पास झाले आणि माझे दरवर्षीचे शेरे त्यांच्यापेक्षा चांगले. भटनागरसाहेबांनी सकाळीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं — ही जागा नुसती यादी बघून भरायची नाही, निवड मी करणार.

एग्मोर ते मांबलम गाडीत उभी होते, तरी पाय दुखले नाहीत. जेवताना घरी सांगितलं. वाटलं, मामंजी निदान "बरं झालं" तरी म्हणतील. सासराच आहे, शत्रू नाही!

त्यांनी रसमचा पेला खाली ठेवला. "सीनियर कोण?"

मी म्हटलं, चंद्रमौळी.

"मग त्याची जागा. झालं."

आणि पुन्हा रसम प्यायला लागले. झालं म्हणे!

४ मे, शुक्रवार

आजपासून अग्निनक्षत्र. बाहेर ऊन, घरात बेचाळीस साल. सकाळच्या कॉफीपासूनच सुरू.

६ मे, रविवार

हे बेचाळीस साल काय प्रकरण आहे ते एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. (जाणार नाही. सांगलीहून तंजावरी मराठ्यांच्या या घरात आले तेव्हापासून गेलेलं नाही.)

मामंजी इंग्रजांच्या राज्यात जिल्हा जज्ज होते. बेचाळीस साली हायकोर्टात जज्जाची एक जागा रिकामी झाली. गोऱ्याऐवजी आमच्या लोकांपैकी कुणाला तरी ती द्यायची असं वर ठरलं. यादीत मामंजींचं नाव पहिलं. त्यांच्या खाली, बरेच ज्युनियर, मानाजीराव — तेही तंजावरचेच, मामंजींच्याच गल्लीतले, मराठीच. जागा मिळाली मानाजीरावांना. कारण काय, तर 'मेरिट'. बस्स, एवढंच. एवढ्यावर या घराची चूल आजपर्यंत धगधगते आहे!

मानाजीरावांचं नाव इथे घेत नाहीत. 'तो ज्युनियर.' तो ज्युनियर हायकोर्टातून मानानं रिटायर झाला, त्याची नातवंडं लग्नाला आली, डोक्यावर एक केस राहिला नाही — तरी ज्युनियर तो ज्युनियरच. चार वर्षांपूर्वी ते वारले. मी भीत भीत मामंजींना बातमी सांगितली. मग म्हणाले, "पाहिलंस? तेथंही माझ्या आधी नंबर लावला!" मला हसू आवरेना, स्वयंपाकघरात पळाले.

आज तर कहरच. पेपर वाचायला म्हणून बसले आणि मलाच उलटतपासणीला धरलं.

"मेरिट म्हणजे काय गो, विद्युलते? कोठल्या तराजूंत तोलतात तें? जन्मतारीख दाखवतां येते. रुजू झाल्याची तारीख दाखवतां येते. मेरिट दाखव मज! मेरिट म्हणजे दुरैची मर्जी."

दुरै म्हणजे गोरा साहेब. आता गोरे गेले, पण मामंजींच्या लेखी प्रत्येक साहेब दुरैच. आमचे काळेसावळे भटनागरसुद्धा.

मी म्हटलं, आणि नुसतं आधी आलं म्हणून डोक्यावर बसवायचं, हा न्याय? रेशनची रांग आहे का ही?

"रांग बरी," म्हणाले. "रांगेंत गरिबासही ठाऊक असतं, माझी पाळी केव्हां येणार."

राग कशाचा येतो, तर म्हातारा अगदीच खोटं बोलत नाही. आमचे हे पलीकडे बसून शर्टाची बटणं लावत होते. म्हटलं, तुम्ही तरी काही बोला. "तुम्ही दोघं बघून घ्या," म्हणाले. बँकेत रोज शंभर सह्या करतात, घरात एका गोष्टीवर करतील तर शपथ!

९ मे, बुधवार

चंद्रमौळींचा राग करता येत नाही, ही खरी अडचण.

त्यांच्या टेबलावर गेलेली फाइल माहेरी गेल्यासारखी राहते. एकेक कागद तीनदा वाचणार. पेनचं टोपण काढणार, विचार करणार, टोपण परत लावणार. मग म्हणणार, "उद्यां पाहूं." सगळं सेक्शन माझ्याकडे येऊन म्हणतं, मॅडम, तेवढं त्यांच्याकडून काढून घ्या ना. मी काढून घेते, संध्याकाळपर्यंत मोकळं करते. हे सगळ्यांना माहीत आहे. साहेबांनाही.

पण माणूस इतका भला! मामंजींसारखेच तंजावरचे मराठी, तशीच ती मर्यादा. शिपायालासुद्धा अहोजाहो. आज दुपारी माझ्या टेबलावर चार बंगनपल्ली आंबे. "घरच्या झाडाचे नव्हेत, बाजारचेच. मुलांस द्या." ज्याच्याशी चढाओढ त्यानंच आंबे आणून द्यायचे! आता भांडायचं कसं? आंबे खाऊन?

वर आणखी कुणी तरी शहाणपणा शिकवला — "तुम्ही लहान आहात मॅडम, तुमचा चान्स पुढे येईलच. घाई काय?" एक्केचाळिसावं चालू आहे मला. घाई काय पेन्शनीत करू?

आंबे मात्र गोड निघाले.

१३ मे, रविवार

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ — ही म्हण आज माझ्या बैठकीच्या खोलीत खुर्ची टाकून बसली होती!

सकाळी दाराची कडी वाजली. उघडते तर चंद्रमौळी. धुतलेली वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, काखेत पिशवी. मला बघून चेहरा असा उतरला की बस्स.

"मॅडम... तुम्ही घरीं?"

म्हटलं, रविवारी मी माझ्या घरीच असते.

"नाही म्हणजे... जज्जसाहेबांस भेटावयाचं होतं."

कशाला, ते पाच मिनिटांत कळलं. यादीत वर असूनही आपल्याला डावलतील अशी त्यांना धास्ती. म्हणून साहेबांकडे निवेदन द्यायचं. आणि ते लिहून कोण देणार? दत्ताजीराव, निवृत्त जिल्हा जज्ज! म्हणजे माझे सासरे. माझ्याविरुद्ध!!

मला वाटलं, मामंजी निदान म्हणतील, बाबा, ही माझी सून, दुसरा कोणी बघ. कसलं काय! चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, आवाज एकदम तिशीतला झाला. "लिहा. पहिला मुद्दा — सेवाज्येष्ठता हा अनुग्रह नव्हे, हक्क आहे." सासूबाई गेल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. किती वर्षांनी कोर्ट भरलं!

मी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होते आणि माझ्याविरुद्धचे मुद्दे एकामागून एक कानावर पडत होते. तिसरा मुद्दा तर असा बिनतोड की मलाच पटला. हे भाजी आणायला म्हणून गेले ते दीड तास आले नाहीत. मांबलमची भाजी काय श्रीपेरुंबुदूरहून येते?

कॉफी नेऊन ठेवली. चंद्रमौळी उठून उभे राहिले, म्हणाले, "मॅडम, मनांत कांही धरूं नका." मी म्हटलं, साखर बघा, कमी झाली असेल.

ते गेल्यावर मामंजींना विचारलं — घरचं माणूस समोर असताना हे शोभतं का?

"घरचं माणूस म्हणून तर अधिक शोभतं," म्हणाले. "मीं तुझी बाजू घेतली असती तर मग त्या दुरैंत नि माझ्यांत फरक काय?"



१४ मे, सोमवार

मामंजींशी अबोला. त्यांच्या अजून लक्षातही आलेलं नाही!

१६ मे, बुधवार

अबोला मोडावा लागला. कारण ऐकण्यासारखं आहे.

संध्याकाळी घरी आले तर मामंजी निवेदनाचे कागद घेऊन वाटच बघत होते. चंद्रमौळींनी ते टाइप करून आणलं होतं, पण शब्दाशब्दाला खोडाखोड, समास तिरका. मामंजींना असला कागद बघवत नाही. म्हणाले, "विद्युलते, तुझं टायपिंग स्वच्छ. एवढी दोन पानं करून दे."

आधी वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती!

भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. पण मग घरच्या टाइपरायटरवरचं झाकण काढलं आणि बसले. का, ते सांगता येणार नाही. एक म्हणजे मामंजींचे हात हल्ली कापतात, कागद धरून उभे होते ते बघवेना. दुसरं म्हणजे चिडले की मी कामच करते. दोन पानं केली — एक चूक नाही, समास रुळासारखा सरळ. एका ठिकाणी तारीख चुकली होती, तीही दुरुस्त केली. माझी जागा घालवायची तर निदान बरोबर तारखेनं घालवा!

मामंजींनी वाचलं आणि म्हणाले, "उत्तम. असं काम चंद्रमौळीच्यानं व्हायचं नाही."

म्हटलं, हेच तर मी म्हणतेय गेले पंधरा दिवस!!

"तें वेगळं," म्हणाले.

२१ मे, सोमवार

भटनागरसाहेबांनी बोलावलं. साधा प्रश्न केला — "तुम्हाला ही जागा हवी आहे का?"

आणि मी काय म्हणावं? घरात माझी जीभ कात्रीसारखी चालते. तिथे म्हटलं, "सर, चंद्रमौळी सीनियर आहेत. त्यांचा विचार आधी व्हायला हवा." कुठून आला हा शहाणपणा कोण जाणे! मला वाटलं, साहेब म्हणतील, अहो पण तुमचं काम चांगलं आहे, तुमचं स्वतःचं मत काय? मग मी हळूच म्हणणार होते.

"बरं," म्हणाले आणि फोन उचलला. मी जरा वेळ उभी राहिले, मग बाहेर आले.

२२ मे, मंगळवार

काल कुणाला सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी मामंजींना कॉफी देताना सांगितलं — टोमणा मारायचा म्हणूनच खरं तर. म्हटलं, घ्या, तुमच्या मनासारखं झालं. साहेबांनी जागा हवी का म्हणून विचारलं, आणि मी सांगितलं, आधी चंद्रमौळींचा विचार करा.

वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी डबऱ्यातून — कॉफीच्या पसरट वाटीतून — पेल्यात कॉफी ओतता ओतता हात थांबवला.

"मग? पुन्हां पुसलं दुरैनं?"

पुसलं म्हणजे विचारलं. नवी नवरी होते तेव्हा "पाहुण्यांस पुस" म्हणाले तर मी फडकं घेऊन गेले होते. आज मात्र हसू आलं नाही, कारण त्यांचा चेहराच बदलला होता.

म्हटलं, नाही. 'बरं' म्हणाले.

"अय्यो!" डबरा ठेवला तो निम्मी कॉफी टेबलावर. "एकदांच पुसलं. मजही एकदांच पुसलं."

आणि मग जे सांगितलं ते मी जसं आठवतंय तसं लिहिते आहे.

बेचाळीस साली नावं दोन उरली तेव्हा सरकारचा गोरा सेक्रेटरी तंजावरला मुक्कामाला आला होता. त्यानं मामंजींना बंगल्यावर बोलावलं. खुर्ची दिली. म्हणाला, जागा एक आहे, तुम्ही सीनियर आहात, मानाजीराव ज्युनियर. तुम्ही दोघांना ओळखता. तुम्हीच सांगा, कोण योग्य?

"आतां मीं काय म्हणावं गो? मज द्या म्हणूं? आपल्या तोंडानं? मीं म्हटलं, मानाजीराव माझ्याहून लायक. त्याचं मेरिट अधिक."

मी म्हटलं, मेरिट हा शब्द... तुमचा?

"माझा."

मामंजी टेबलावरच्या कॉफीकडे बघत बोलत होते.

"तसं म्हणायचं असतं! ताट पुढं आलं तर पहिल्यानं कोणी हो म्हणतं का? नको म्हणायचं. वाढणारा पुन्हां पुसतो, पुन्हां नको. तिसऱ्यानं तो वाढतोच. आमच्यांत लहान पोरासही ठाऊक. मीं नको म्हटलं आणि बसून राहिलों. त्या दुरैनं पुन्हां पुसलंच नाही! म्हणाला, तुम्ही फार उदार मनाचे. हस्तांदोलन केलं आणि दुसरी फाइल उघडली."

म्हटलं, सासूबाईंना माहीत होतं?

"तिज सांगितलं असतं तर ती हसली असती."

मला हसावं की ओरडावं कळेना. खरं सांगते, आधी संताप आला — तळपायाची आग मस्तकात! सोळा वर्षं ऐकतेय, दुरैनं डावललं, दुरैनं डावललं. स्वतःच्या तोंडानं नको म्हणाले आणि त्या बिचाऱ्या मानाजीरावांना मरेपर्यंत ज्युनियर ज्युनियर करून वाळीत टाकलं! आणि मग मामंजींकडे पाहिलं आणि राग पुरा झालाच नाही. ते अजूनही त्या खुर्चीवरच बसलेले होते, कोणी तरी पुन्हा विचारेल म्हणून.

आणि मी तरी काय दिवे लावले? मी सांगलीची — जिलबी हवी का म्हटलं की वाढा म्हणणारी. साखरपुड्याला इथे पहिल्याच आग्रहाला जांगिरी, म्हणजे इथली जिलबी, घेतली तर सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं राहून या घराचं पाणी मला चांगलंच लागलं की!

उठताना मामंजी म्हणाले, "उद्यां जा. सांग, मज पाहिजे. एवढेच शब्द."

म्हटलं, आणि सीनियॉरिटी?

"ती चंद्रमौळीच्या कागदावर आहे. मीं लिहून दिली. तिला मीं सोडलं नाही. पण तूं माझ्यासारखी बसून राहूं नकोस."

२३ मे, बुधवार

सांगितलं! "सर, परवा मी जे म्हणाले ते खरं नव्हतं. मला ही जागा हवी आहे, आणि मी ती नीट सांभाळीन."

साहेब बघतच राहिले. "मग परवाच का नाही सांगितलंत?" याचं उत्तर देत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. म्हणाले, चंद्रमौळींचं निवेदन आलं आहे, फार जोरदार आहे, त्यांनाही एकदा बोलावतो आणि मग ठरवतो. "टायपिंगही सुंदर आहे," म्हणाले.

मी "हो सर" म्हटलं आणि बाहेर आले.

२४ मे, गुरुवार

काही नाही. नुसतं ऊन. नळाला पाणी आलं नाही. घामानं कागद हाताला चिकटतात.

२५ मे, शुक्रवार

झाले! सुपरिंटेंडेंट मी! साहेबांनी बोलावून सांगितलं. फाइल सोमवारी सहीला वर जाईल, तोवर बोभाटा करू नका म्हणाले.

मी विचारलं, चंद्रमौळींचं निवेदन?

साहेब खुशीत होते. म्हणाले, तो प्रश्न चुटकीसरशी सुटला. कागदावर एवढे भांडलेत, म्हणून काल बोलावून सरळ विचारलं — तुम्हाला खरोखर वाटतं का, की तुम्ही त्यांच्यापेक्षा योग्य आहात? तर चंद्रमौळींनी हात जोडले. "छे छे सर, त्या माझ्याहून हुशार, त्यांनाच द्या." विषयच संपला. "मोठ्या मनाचा माणूस," साहेब म्हणाले. "पण गंमत बघा, बोलून झालं तरी हलेनात. तिथे टेबलापाशी बराच वेळ उभे. मी म्हटलं, आणखी काही आहे का? म्हणाले, नाही सर."

घरी येईपर्यंत बातमी पोटात ठेवली. ह्यांनी स्वतः जाऊन चमेलीचे गजरे आणले, मुलं ओरडली. मामंजींनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तोंडानं सांगितलंस, बरं केलंस." चंद्रमौळींचं काय झालं, ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेबांनी बोलावलं होतं त्यांना. एवढंच म्हटलं.

२७ मे, रविवार

सकाळी चंद्रमौळी आले; साहेबांनी त्यांनाही सांगितलेलं होतं. माझ्यासाठी मैसूरपाक, मामंजींसाठी विड्याची पानं. मामंजींच्या समोर बसून म्हणाले, "काय करावयाचं, जज्जसाहेब? दुरैनं मेरिट पाहिलं." मामंजींनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. मी कॉफी नेली तेव्हा चंद्रमौळींनी वर पाहिलं, आणि पाहतच राहिले.

फाइल उद्या वर जाणार. मी कॉफी ठेवली. त्यांना पुन्हा पुसलं नाही.